बिनधुराचं धुराडं

एकतीस वर्षं कोराडीला होतो, बॉयलरच्या बाजूला.
त्या उंच धुराड्यांच्या सावलीत डबा खाल्ला.
सावली सरकली की आम्ही सरकायचो, डब्यासकट.
निवृत्तीला घड्याळ मिळालं. ते बंद आहे.

आता मानेवाड्यात, आमच्या गच्चीवर,
आठ बाय सहाची काचखोली आहे.
काच कसली, आरपार दिसणारा पत्राच तो.
आत रत्नमालेची पानवेल, कपुरी.
रामटेकचा तिच्या वडिलांचा पानमळा मोडला त्या वर्षी
ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर आणलेली.
बसमध्ये कंडक्टरला म्हणाली,
"हळू बोला जी, निजली हाये."

वेलीचं तिला सगळं ठाऊक:
ऊन दिसावं पण लागू नये,
वारा यावा पण कळू नये.
मला ठाऊक फक्त पंखा.
चौदाशेचा एक्झॉस्ट बसवला,
दिवसभर घरघरायचा, कामावर असल्यासारखा.

नवतप्याच्या तिसऱ्या दिवशी
दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी लाईन गेली.
मी खाली पेपरने वारा घेत बसलो होतो.
पाऊण तासाने वर गेलो
तर दारातच भाजी शिजल्याचा वास.
पानं जळली नव्हती. उकडली होती,
डाळीत सोडलेल्या पालकासारखी.
रत्नमालाने बुडखा चाचपून पाहिला, ओला होता.
मग माझ्याकडे न बघता एवढंच,
"तुमच्या इथूनच येते ना जी, हे लाईन?"

त्यानंतर वर्षभर मी गरम हवेचा विचार केला.
तिचं काही मागणं नसतं, फक्त वर जायचं असतं.
छप्पर आपण घालतो
आणि मग म्हणतो, बापरे, किती कोंडलंय.

तेव्हा छपराच्या माथ्याला भोक पाडलं.
त्यावर पत्र्याची उभी पेटी, साडेसात फुटी,
आतून बाहेरून काळी रंगवलेली,
पश्चिमेच्या अंगाला जुन्या शोकेसची काच.
खाली उत्तरेला, कठड्याच्या सावलीत, वीतभर फट,
फटीवर वाळ्याची ताटी,
ताटीवर बुडाला भोक पाडलेला माठ,
भोकात चिंधीची वात. थेंब. थेंब.

शेजारचे निनावे कठड्यावर वाकून म्हणाले,
"हवेले अजून तापवता काय बापा?"
हो, तापवतोच.
तापली की पेटीतून पळते,
पळाली की मागची जागा रिकामी पडते,
आणि रिकामी जागा खालून ओला वारा ओढून घेते.
ऊन चढेल तशी ओढ वाढते.
चोराच्याच हाती किल्ल्या दिल्यात,
आणि चोर इमानदार निघालाय.

भर दुपारी फटीशी उदबत्ती धरून बसलो होतो.
"काय करून राहिले जी? वेलीची पूजा?"
धूर जरा घुटमळला,
उंबऱ्यावरच्या पाहुण्यासारखा.
मग वाकला, ताटीतून आत गेला,
पानांच्या पोटाखालून निघाला,
वेलीचा हात धरून वर चढला
आणि काळ्या पेटीत शिरला.
रत्नमालाने दुसरी उदबत्ती लावली.
मग तिसरी.
पुडा संपला.

बाहेर शेहेचाळीस, आत एकोणचाळीस.
गारवा म्हणता येणार नाही.
पण शिजायला एवढं पुरत नाही.

परवा पुन्हा लाईन गेली.
गल्लीतले कूलर एकदम गप्प झाले,
कुणाचं तरी पोट्टं रडायला लागलं.
रत्नमाला पाट घेऊन वर गेली
आणि वेलीखाली जाऊन बसली.
मी दाराबाहेरच उभा राहिलो, डोक्यावर ओला पंचा,
दोघांच्या अंगाची ऊब वेलीला जड झाली असती.
आतून ती म्हणाली, नवं पान फुटलंय.
मी म्हटलं, दाखव.
म्हणाली, दार उघडू नका.

इथून कोराडी दिसत नाही.

रोज सात वाजता शिडी लावून
पेटीवर झाकण ठेवतो, कबुतरं घर करतात म्हणून.
हे काम मात्र हातानेच करावं लागतं.
शिडीवर थोडा वेळ थांबतो.
गार होता होता पत्रा टिकटिकत राहतो.